ओव्हरटाइमचा पैसा

जबलपूरला आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कोणाला किती पगार मिळतो हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांच्या घरची माणसं फौजेचं सामान बनवणाऱ्या एकाच फॅक्टरीत होती. ग्रेड माहीत, पगाराची तारीख माहीत. कुतूहल उरायचं ते एवढंच, की कोण कशावर खर्च करतं. त्यात मात्र दोन घरं सारखी नव्हती.

आमच्या डावीकडे एक पंजाबी कुटुंब होतं. पगार झाला की आठवडाभर त्यांच्या चुलीवरून कढई उतरायची नाही, आणि महिना संपत आला की त्यांच्या मुली वाटी घेऊन आमच्याकडे साखर मागायला यायच्या, तेही हसत हसत. कोपऱ्यावरचे एक बाबू सणावाराला सगळ्या घरादाराला इस्त्रीचे कपडे घालायला लावून सदरला, म्हणजे छावणीच्या बाजारात, स्टुडिओत घेऊन जायचे. घरात बसायला धड खुर्ची नव्हती, पण भिंतीवर नवा फोटो लावायला जागा उरली नव्हती. समोरच्या काकूंना स्टीलचं वेड. काकू अमरावतीकडच्या. हाती पैसा आला की एक डबा किंवा एक गंज, म्हणजे पातेलं, घेतलाच, आणि लगेच त्यावर नाव कोरून. वापरायच्या मात्र जुनं पितळच. स्टील फळीवर ओळीनं मांडलेलं असायचं आणि दर रविवारी उतरवून पुसलं जायचं.

आमची आई बाजारात जाताना पायी जायची आणि येताना रिक्षा करायची, कारण येताना हातात ओझं असायचं. ओझं कमी असेल तर रिक्षा नाही. कमानिया गेटपासून फुहाऱ्यापर्यंत प्रत्येक दुकानदाराशी तिची घासाघीस चालायची. भाव कमी करून घेण्यात तिला जो आनंद व्हायचा तो वस्तू मिळाल्याचा नसायचा. कधी कधी तर मनासारखा भाव झाला की ती म्हणायची, "अच्छा, उद्या घेऊन जाईन," आणि पुढे निघायची. दुकानदार कपाळाला हात लावायचा. पण हीच आई तिलवाऱ्याच्या पुलावरून बस जाऊ लागली की पदराच्या गाठीतून मोठं नाणं काढून नर्मदेत टाकायची. मी एकदा म्हटलं, "लहान नाणं टाक की." तर म्हणाली, "तिच्याशी काहून भाव करायचा?"

बाबा अगदी उलट. सांगितला तो भाव देऊन मोकळे. एकदा आईला ताप होता म्हणून बाबांना वांगी आणायला पाठवलं. ते पिशवीभर किडकी वांगी घेऊन आले. आईनं तापातच विचारलं, "पाहून नाही घेतली का?" बाबा म्हणाले, "पाहिली ना. पण ती बाई एवढ्या लांब पाटणहून आली होती, बिचारीची शेवटची होती." त्या दिवसापासून बाबांच्या खरेदीवर बंदी आली. पान, बुटांचं पॉलिश आणि शेजाऱ्यांबरोबर भागीदारीत घेतलेलं वर्तमानपत्र, एवढंच त्यांच्याकडे राहिलं. त्यांची त्याला हरकत नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण एकाहत्तर साल. मी तेव्हा अकरावीत होते. लढाई थंडीत झाली, पण आमच्या गावाला तिची चाहूल पावसाळ्याआधीच लागली होती. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. आधी दोन तास, मग चार, मग रविवारही गेला. बाबा घरी यायचे ते अंघोळ करून, जेवून झोपायलाच. सकाळी भोंगा झाला की पुन्हा सायकल काढायची. ओव्हरटाइमचं पाकीट पगारापासून वेगळं मिळायचं, आणि ते चांगलं जाड असायचं.

आमच्या ओळीचं रूप बदललं. पंजाब्यांकडे शिवणयंत्र आलं. फोटोवाल्या बाबूंनी मनगटी घड्याळ घेतलं आणि पुढचा फोटो हात पुढे करून काढला. काकूंच्या फळीवर स्टील मावेना, तेव्हा काकांनी ट्रान्झिस्टर घेतला. त्याला काकूंनी हिरव्या मखमलीचं आवरण शिवलं. संध्याकाळी फॅक्टरीच्या फाटकासमोरचा बाजार दुपटीनं भरू लागला. कुंडमकडचे लोक चारोळी आणि मध घेऊन यायचे. सिहोऱ्याच्या बसमधून टोपल्यांवर टोपल्या उतरायच्या. फेरीवाल्यांनी भाव चढवले, तरी लोक कुरकुर न करता घ्यायचे.

आमच्या घरी मात्र काहीच आलं नाही. बाबा पाकीट आणून आईच्या हातात द्यायचे. आई ते न उघडता फडताळातल्या बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायची. पगारातच घर चालायचं, पूर्वीसारखं, उलट जरा जास्तच ओढून. मला वाटलं, माझ्या लग्नासाठी साठवून राहिली असेल. पावसाळ्यात माझी चप्पल तुटली तेव्हा मी सरळ म्हटलं, "त्या डब्यातून दे ना."

चांभाराकडून शिवून आणलेली चप्पल माझ्यापुढे ठेवत आई म्हणाली, "त्या डब्याला हात लावायचा नाही."

"काहून पण?"

तिनं फडताळाचं दार लावलं. मग म्हणाली, "तुझा मामा तिकडे आहे. ही लढाईची तयारी जितकी लांबेल तितका आपल्या घरी पैसा जास्त. असा पैसा मी खर्च करू कशी, तूच सांग."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सागरला आईचं माहेर. आजी मामा लहान असतानाच गेली, आणि आईनं त्याला स्वतःच्या लग्नापर्यंत कडेवर घेऊनच वाढवलं असं म्हणायला हरकत नाही. आईच्या लग्नानंतर तो आमच्याकडेच राहिला, जबलपूरलाच शाळा अर्धी सोडली, ट्रक चालवायला शिकला आणि फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला. सागरचं घर तोवर बंद पडलं होतं, आणि आमचं क्वार्टर ग्रेडप्रमाणे बदलत राहायचं. म्हणून त्यानं फौजेत घरचा पत्ता म्हणून बाबांच्या फॅक्टरीचाच पत्ता लिहून दिला होता. त्या वर्षी तो पूर्वेकडे होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आईचं ते बोलणं बाबांच्या कानावर होतं. त्यांनी एकदाच तिला समजावून पाहिलं. जेवता जेवता म्हणाले, "अगं, आम्ही जे बनवून राहिलो ते त्याच्याच उपयोगी पडेल ना? हा काही पापाचा पैसा नाही."

"मी कुठे पापाचा म्हटलं?" आई म्हणाली. "तुम्ही काम करा. आणखी करा. मी डबा भरून देते. फक्त पैसा राहू द्या."

बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि विषय संपला. थोड्या दिवसांनी त्यांनी ट्रान्झिस्टरचं नाव काढलं. बातम्या तरी ऐकता येतील, म्हणाले. आईनं मान हलवून नाही म्हटलं. बातम्यांची सगळ्यात जास्त ओढ तिलाच होती. बातम्यांच्या वेळी ती तांदळाचं ताट घेऊन समोर काकूंच्या पायरीवर जाऊन बसायची आणि निवडत निवडत ऐकायची. रोज तेच तांदूळ, निवडलेलेच. काकूंना ते कळायचं. त्या ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवायच्या.

दिवाळीनंतर मामाचं पत्र आलं नाही.

डिसेंबर लागला आणि लढाई पेटली. संध्याकाळी ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावायचा, सायकलच्या दिव्यालाही अर्धा काळा रंग. फॅक्टरीचं गाव म्हणून आमच्याकडे जरा जास्तच कडक होतं. आणि लोकांच्या अंगात साठवणुकीचं वारं शिरलं. काळा कागद महागला, मेणबत्त्या मिळेनात. मग कुणीतरी म्हटलं मीठ मिळणार नाही, की सगळे मिठावर तुटून पडले. फोटोवाल्या बाबूंनी पोतंभर मीठ घेतलं, ते ठेवायला जागा नाही म्हणून पलंगाखाली ठेवलं, आणि खाली ओल येऊन त्याचं पाणी झालं. पंजाब्यांनी माचिसच्या पेट्यांचा डोंगर रचला. काकूंचे स्टीलचे डबे पहिल्यांदा वापरात आले. त्यांत गूळ, डाळ, साबण, जे मिळेल ते कोंबलेलं होतं.

आईनं चिमूटभरही काही जास्त आणलं नाही. साठवण करणं म्हणजे लढाई लांबणार असं कबूल करणं, असं तिचं म्हणणं. एक दिवस खरंच आमच्याकडचं मीठ संपलं आणि दुकानात नव्हतं. काकू भरलेला डबा घेऊन आल्या आणि ओट्यावर आदळून म्हणाल्या, "घ्या. तुमच्या हट्टापायी पोरीला अळणी काहून खायला घालता?" आईनं मुकाट्यानं घेतला.

लढाई लवकरच संपली. ज्या संध्याकाळी बातमी आली त्या संध्याकाळी सगळी ओळ रस्त्यावर उतरली. काळे कागद टराटरा फाडले गेले. कुणीतरी फुहाऱ्याहून खव्याच्या जिलब्यांची टोपली आणली. जो भेटेल त्याच्या तोंडात जिलबी. पंजाबी काकांनी दारातच भांगडा केला. आईही बाहेर आली, सगळ्यांना नमस्कार केला, जिलबी हातात घेतली, आणि घरात येऊन ती ताटलीत झाकून ठेवली. "त्याचं पत्र येऊ दे," म्हणाली.

पत्र येईना. इतरांची यायला लागली. जवळच्या रांझी वस्तीत एका घरी मुलगा गेल्याचा टेलिग्राम आला, तेव्हा आई भेटायला जाऊन आली. तिनं बाजारात जाणं सोडलं. आमची भाजीवाली रोज सकाळी दारावर यायची, जबलपूरच्या आसपासच्या खेड्यातली, अंगापिंडानं दणकट. तिची आणि आईची घासाघीस म्हणजे ओळीतल्या बायकांना करमणूक होती. मटाराचे दिवस होते. हिरवेगार मटार टोपलीत भरून ती त्या दिवशी आली. आईनं विचारलं, "कैसे दिये?" तिनं नेहमीप्रमाणे दुप्पट भाव सांगितला, म्हणजे खाली यायला जागा राहावी. आईनं पदराची गाठ सोडली आणि तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले.

भाजीवालीनं पैशांकडे पाहिलं, मग आईकडे. ती घाबरलीच. "काय बाई, का हो गओ? तबियत ठीक है ना?" आई मटार घेऊन आत गेली. भाजीवालीनं अर्धे पैसे माझ्या मुठीत कोंबले आणि म्हणाली, "बिटिया, अम्मा का ध्यान रखियो."

तोवर मला धीर होता. त्या सकाळी माझाही धीर सुटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे झालं. ओव्हरटाइम कमी झाला होता आणि बाबा संध्याकाळच्या भोंग्यानंतर घरी यायला लागले होते. त्या दिवशी भोंगा झाला, सायकलींचा लोंढा रस्त्यानं आला, ओळीतली माणसं एकेक करून घरी आली. बाबा आले नाहीत. आईनं चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. शेवटी समोरचे काका चहा पिऊन अंगणात आले तेव्हा तिनं मला विचारायला पाठवलं.

काका म्हणाले, "अरे, ते तर दुपारीच गेले. हाफ डे टाकून. तुम्हाला माहीत नाही?"

आई माझ्या मागे दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, "कोणी बोलावलं होतं का त्यांना? ऑफिसात?"

"ते नाही माहीत, वहिनी. पण चेहरा काही ठीक नव्हता त्यांचा. मी हाक मारली तर ऐकलीही नाही."

बाबांनी नोकरीत आजवर हाफ डे टाकलेला मला आठवत नव्हता. आणि मामाच्या कागदावर पत्ता फॅक्टरीचा. टेलिग्राम आला तर तो घरी येणार नव्हता, बाबांच्या हातातच पडणार होता. हे माझ्या डोक्यात येईपर्यंत आईच्या केव्हाच आलं होतं. ती पायरीवर बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "ते सांगू शकत नसतील मला. म्हणून फिरून राहिले असतील कुठे तरी."

काकू आल्या. आईच्या शेजारी पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळानं आई उठली, पायात चपला घातल्या आणि चालू लागली. मी मागे, काकू शाल घेऊन मागे. ओळ संपून मोठा रस्ता लागतो तिथे एक पुलिया, म्हणजे लहानसा पूल, होती, तिच्या कठड्याजवळ आई उभी राहिली. थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये दिवे लागले होते. एखादी सायकल लांबून दिसली की आई ताठ व्हायची, आणि ती जवळ येऊन पुढे गेली की पुन्हा सैल व्हायची.

बाबांची सायकल मी ओळखली ती मागच्या कॅरिअरवर बांधलेल्या एका मोठ्या टोपलीमुळे नव्हे, ती टोपली तर मी कधी पाहिली नव्हती. ओळखली ती त्यांच्या एका बाजूला झुकून पायडल मारण्याच्या सवयीमुळे. त्यांनीही आम्हाला पाहिलं असावं, कारण लांबूनच ते ओरडले. आमचे बाबा कधी रस्त्यात मोठ्यानं बोलत नसत.

"ठीक आहे! अगं, ठीक आहे तो!"

आईला ऐकू आलं, पण कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राहिले?"

"मामा ठीक आहे म्हणतात," मी म्हटलं, आणि मलाच हुंदका आला.

बाबा सायकलवरून उतरले. धाप लागली होती, डोक्याची टोपी एका कानावर आली होती. ते जे बोलले ते सगळं उलटंपालटं होतं. नीट अशी हकीकत आम्हाला घरी गेल्यावर, आईनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिल्यावर कळली.

झालं होतं असं. दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी सांगितलं, की पूर्वेकडचे जखमी जवान छावणीतल्या मिलिटरी हॉस्पिटलात आणलेत, त्यात काही ड्रायव्हरही आहेत. बाबांनी जेवणाचा डबा तसाच बंद केला. मामाच त्यांत असेल तर? त्यांनी हाफ डे टाकला. घरी सांगायला आले नाहीत, कारण सांगून काय सांगणार होते? हॉस्पिटलच्या फाटकावर हवालदारानं विचारलं, कोणाला भेटायचं? बाबांनी मामाचं नाव सांगितलं. त्या नावाचं कोणी नव्हतं. एक काळजी उतरली, पण तेवढ्यानं काय कळणार? तेवढ्यात बाबांनी पाहिलं, की शहरातले लोक फळं घेऊन येतायत आणि भेटीच्या वेळात त्यांना आत सोडतायत. ते तसेच सदरच्या बाजारात गेले. त्याच दिवशी ओव्हरटाइमचं पाकीट मिळालं होतं, खिशात होतं. नागपूरहून आलेल्या संत्र्यांची एक आख्खी टोपली त्यांनी घेतली, टोपलीसकट.

"आत गेलो," बाबा म्हणाले, "आणि एका टोकापासून सुरुवात केली. एकेकाच्या हातात संत्रं द्यायचं आणि विचारायचं, भैया, तुम्ही कुठल्या कंपनीत? ड्रायव्हर कोणी आहे का? बरेच जण झोपेतच होते. त्यांच्या उशाशी ठेवलं. टोपलीचा तळ दिसू लागला तेव्हा एक जण भेटला. पायाला प्लास्टर. रीव्याकडचा पोरगा. मी मामाचं नाव घेतलं तर तो म्हणाला, नाव नाही आठवत, पण सागरवाला एक आहे आमच्यात."

"मग?" आई म्हणाली.

"मी म्हटलं, कसा आहे दिसायला? तर तो हसायलाच लागला. म्हणाला, 'वही ना, जो अपनी गाड़ी को मराठी में डाँटता है?'"

आईनं पदर तोंडाला लावला. ट्रकशी बोलायची मामाची खोड आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. गाडी घाटात दमली की तो तिला 'चल गं, अशी रुसून काय बसलीस' म्हणायचा. फौजेत दुसरा कोण असं करणार?

"लढाई संपल्यावर पाहिलंय त्यानं मामाला," बाबा म्हणाले. "नदीच्या पलीकडे. चांगला उभा होता, ताटलीतून खिचडी खात होता. ओरखडाही नाही. मी विचारलं, मग पत्र का नाही लिहिलं? तर तो पोरगा म्हणाला, 'काका, चिट्ठी के मामले में वो बहुत आलसी है.'"

"आळशीच आहे मेला!" आई म्हणाली. "लहानपणापासून आळशी! परीक्षेच्या पेपरातसुद्धा अर्ध्यावर उठून यायचा!" आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोकळं, आवाज काढून. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःही डोळे पुसत होत्या. बाबा टोपी हातात घेऊन उभेच होते, जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

रडणं ओसरल्यावर आईनं नाक पुसलं. तिची नजर दाराशी ठेवलेल्या टोपलीवर गेली.

"केवढ्याला दिली?"

बाबा म्हणाले, "आता ते राहू दे ना."

"केवढ्याला दिली म्हणते मी."

बाबांनी सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "अहो, लुटलं तुम्हाला! दिवसाढवळ्या लुटलं! संत्र्यांचा हंगाम आहे, रस्त्यावर पडलीत संत्री! आणि टोपलीचे वेगळे घेतले असतील?"

"घेतले," बाबा म्हणाले.

"टोपलीचे कोणी देते का? काहून दिले?"

"त्यानं मागितले," बाबा म्हणाले, आणि काकूंना इतकं हसू आलं, की त्यांना खाली बसावं लागलं. मग मी हसले, मग बाबा. आई रागे भरत राहिली, डोळे अजून ओले, आवाज चढलेला. ती पहिल्यासारखी बोलत होती. तिचा तो चढा आवाज ऐकून मला जे वाटलं ते आज इतक्या वर्षांनी सांगतानाही छाती हलकी होते. त्या रात्री आम्ही मटारभात पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी आईनं फडताळातला डबा काढला. सगळी पाकिटं पलंगावर मांडली, एकेक उघडलं, आणि मला म्हणाली, "चलो, तयार हो. रिक्षा कर." ओझं नसताना, जाताना रिक्षा!

आधी आम्ही फुहाऱ्यावर गेलो. तिनं साबण घेतले, कंगवे घेतले, खोबरेल तेलाच्या लहान बाटल्या घेतल्या, आणि प्रत्येक दुकानात अशी घासाघीस केली, की एका दुकानदारानं हात जोडले. "माताजी, किस दुकान के लिए ले जा रही हैं?" तो म्हणाला. त्याला वाटलं, आई विकायला नेते आहे. आईनं सांगितलं कोणासाठी, तर त्यानं तेलाचे पैसे घ्यायचंच नाकारलं. आई त्याच्यावरही चिडली. "भाव ठीक लगाओ, फुकट कशाला?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी. शेवटी दोघांचं मध्येच कुठेतरी जमलं. मग पोस्टात जाऊन तिनं पोस्टकार्डांचा गठ्ठा घेतला. तिथे मात्र भाव करता आला नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

हॉस्पिटलात ती प्रत्येक खाटेशी थांबायची, कंगवा आणि साबण ठेवायची, आणि एकच प्रश्न विचारायची, "घर चिट्ठी लिखी?" ज्यानं नाही म्हटलं त्याची सुटका नव्हती. ज्यांचे हात बांधलेले होते त्यांची पत्रं मी लिहायची. बहुतेकांना काय लिहायचं ते सुचत नसे. आई सांगायची, "लिहा, की मी ठीक आहे आणि जेवतो आहे. तेवढं पुरे. बाकीचं नंतर लिहा." रीव्याच्या त्या पोराशी ती सगळ्यात जास्त वेळ बोलली. त्याच्याकडून तिनं ताटलीतल्या खिचडीची हकीकत पुन्हा पुन्हा ऐकली. खिचडीत डाळ कोणती होती हेही विचारलं. त्याला आठवत नव्हतं, पण त्यानं तूर म्हणून सांगितलं.

आम्ही संक्रांतीपर्यंत जात राहिलो. कधी काकू बरोबर यायच्या, एकदा पंजाबी काकी परातभर गाजराचा हलवा घेऊन आल्या. डब्यातली पाकिटं एकेक करून संपली. शेवटचं संपलं तेव्हा आईनं डबा धुतला, उन्हात वाळवला, आणि त्यात चणे भरून ठेवले.

मामाचं कार्ड त्यानंतर कधीतरी आलं. वेडंवाकडं अक्षर, चार ओळी. मी ठीक आहे, गाडी ठीक आहे, ताई काळजी करू नको, सुट्टी मिळाली की येतो. आईनं वाचून ते देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, "चार ओळी लिहायला एवढे दिवस!"

तो आला तेव्हा उन्हाळा तापला होता. दुपारी दार वाजलं आणि दारात हिरव्या कपड्यातला, काळाठिक्कर पडलेला, वाळलेला मामा. खांद्यावर पिशवी. आईनं त्याला आत घेतलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, वाढलं. तो भराभर जेवला आणि हात धुऊन पुढच्या खोलीत चटईवर आडवा झाला तो लगेच झोपला. लांबलचक प्रवास झाला होता त्याचा. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला होता. आई बादली आणि तांब्या घेऊन खिडकीबाहेर स्टूल टाकून बसली आणि पडदा वाळू लागला, की त्यावर पाणी मारत राहिली. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. मी म्हटलं, "आई, मी मारते, तू आत जा." ती नाही म्हणाली.

खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरला होता. मामा तोंड उघडं टाकून घोरत होता. संध्याकाळी बाबा फॅक्टरीतून आले, दाराबाहेरच बूट काढले, अनवाणी आत आले, चटईजवळ उभं राहून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग पाय न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं चहा ठेवला.